भाऊंची वाहिनी आणि माळ्यावरचा पीसी: नोंदी

२८ मे २०२३, रविवार

आज टीव्हीवरचं गाणं रेकॉर्ड करायला जुना पीसी माळ्यावरून खाली काढला. वर इतकी धूळ होती की पंख्याची पाती दिसत नव्हती. आय-थ्री, चौथ्या पिढीचा, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क. नवऱ्याच्या ऑफिसने लिलावात काढला तेव्हा घेतलेला. नवरा आता बोटीवर आहे, डिसेंबरपर्यंत येणार नाही, त्यामुळे विचारायला कोणी नाही आणि अडवायलाही.

कारण भाऊ. माझे सासरे, वय ७८. इथे गोव्यात, बांदोड्यात आणि आसपासच्या जत्रांतल्या नाटकांना त्यांनी वर्षानुवर्षं पेटीची साथ केली. आता बोटं वळत नाहीत, कान मात्र शाबूत आहेत. दूरदर्शनच्या फुकट फ्री डिशवर एका वाहिनीवर शास्त्रीय गाण्याची जुनी चित्रमुद्रणं लागतात. कधी दुपारी तीनला, कधी रात्री साडेअकराला. भाऊंचं गाऱ्हाणं एकच: "मी आंघोळीला गेलो की नेमका मारवा लागतो."

फ्री डिशच्या पेटीला (सेट-टॉप बॉक्सला) मागे पेन ड्राइव्हची खाच आहे, रिमोटवर लाल बटण आहे. करून पाहिलं. पेटी चालू हवी, वाहिनी तीच हवी, आणि बटण दाबायला माणूस समोर हवा. माणूस समोर असेल तर रेकॉर्डिंग कशाला?

आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, मालिका पैसे भरायच्या दुसऱ्या डिशवर येतात. त्या वाटेला मी जाणार नाही. तो सिग्नल कुलूपबंद असतो, किल्ली त्यांच्याच पेटीतल्या कार्डात, आणि पेटीतून टीव्हीकडे जाणाऱ्या एचडीएमआयवर आणखी एक कुलूप, एचडीसीपीचं. माझं काम मोकळ्या येणाऱ्या वाहिन्यांपुरतं.

३ जून, शनिवार

डिशचा सिग्नल पीसीत घेणारं डीव्हीबी-एस२ ट्युनर कार्ड आलं. एकच ट्युनर. पीसी लहान डब्याचा, कार्डाची पत्र्याची पट्टी मोठ्या डब्याची. पट्टीचे दोन स्क्रू काढले, कार्ड नुसतंच खाचेत बसवलं. पण मागून डिशची वायर पिळून लावली की कार्ड आत डुलतं. शेवटी शिलाईच्या पेटीतली जाड इलॅस्टिक घेऊन कार्ड डब्याच्या दांडीला बांधलं. दिसतं भयंकर. झाकण लावल्यावर दिसत नाही.

४ जून, रविवार

डिशवाला आला. आपली डिश एकाच वायरीची, ती भाऊंच्या पेटीला जाते. पीसीला वेगळी वायर हवी, म्हणून दोन तोंडांची एलएनबी (डिशसमोरचा सिग्नल पकडणारा डबा) बसवून घेतली. एकच वायर दोघांत वाटली असती तर पेटी आणि पीसी भांडले असते. एलएनबीला वीज वायरीतूनच जाते, उभ्या ध्रुवणाला १३ व्होल्ट, आडव्याला १८. एकाने १३ आणि दुसऱ्याने १८ मागितले तर ती कोणाचं ऐकणार?

वायर कुठून न्यायची हे मी सांगत होते आणि डिशवाला मान भाऊंकडे बघून हलवत होता. भाऊ म्हणाले, "मला काय विचारतोस? इंजिनियर ती." त्यावर तो हसला आणि पुढचा प्रश्न परत भाऊंनाच विचारला.

फ्री डिशच्या वाहिन्या पाठवणारा जीसॅट-१५ हा उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्वेला. आम्ही ७४ च्या जरासे अलीकडे. हिशोब केला तर इथून तो आग्नेयेला, उत्तरेपासून १२७ अंशांवर, आणि क्षितिजापासून तब्बल ६१ अंश वर. दारातल्या फणसाची धास्ती होती, पण ६१ अंश म्हणजे फणसाच्या बऱ्याच वरून नजर जाते. डिश मात्र इतकी वर बघताना दिसत नाही, कारण तिचा वाटीचा भागच तिरका कापलेला असतो. आईंना हे पटलं नाही. त्यांच्या मते डिश शेजारच्या गोठ्याकडे बघते.

चिऱ्याच्या भिंतीला भोक पाडायला पाऊण तास गेला. चिरा मऊ म्हणतात, पण आत एखादा गोटा लागला की ड्रिल नुसतं किंचाळतं. भोक बाहेरच्या बाजूला खाली उतरतं पाडायचं, नाहीतर पावसात वायरीवरून पाणी सरळ हॉलमध्ये. शिवाय भोकाच्या आधी वायरीला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पागोळी तिथेच गळते.

कनेक्टर लावला तो मी. पहिला बाद. वरची तारांची जाळी मागे दुमडताना त्यातला केसाएवढा एक तंतू मधल्या तांब्याच्या तारेला चिकटून राहिला होता. चष्मा लावूनही दिसेना, मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठं करून पाहिलं तेव्हा दिसला. तसाच लावला असता तर १३ व्होल्ट सरळ शॉर्ट. दुसरा नीट बसला.

तीन वाजता डिशवाला पत्र्यावरून ओरडला, "सिग्नल आयलो!" अर्थात, "भाऊ" असं आधी लावून.

१० जून, शनिवार

लिनक्स टाकलं, त्यावर टीव्हीहेडएंड. हे सॉफ्टवेअर ट्युनर सांभाळतं, रेकॉर्डिंग करतं, आणि सगळा कारभार ब्राउझरमधून, ९९८१ या पोर्टवर. टीव्हीवर बघायला 'कोडी' नावाचं दुसरं सॉफ्टवेअर. चार दिवस संध्याकाळी दीड-दीड तास असं करत झालं.

अडकले कुठे, तर पहिल्याच फ्रीक्वेन्सीवर. ११०९० मेगाहर्ट्झ, उभं ध्रुवण, सिंबल रेट २९५००. भरलं आणि काहीच सापडेना. मग लक्षात आलं की मी एलएनबीचा प्रकार चुकीचा निवडला होता. एलएनबी आकाशातून आलेली ११०९० जशीच्या तशी वायरीत सोडत नाही, त्यातून ९७५० वजा करते आणि १३४० मेगाहर्ट्झ खाली पाठवते. माझ्या निवडीत वजा करायचा आकडा वेगळा होता, म्हणून ट्युनर भलत्याच जागी शोधत बसला होता. 'युनिव्हर्सल' केलं आणि अर्ध्या मिनिटात वाहिन्यांची रांग लागली.

आणखी एक गोष्ट आज नीट कळली आणि तिच्यामुळे पुढचं बरंच बदलेल असं वाटतंय. वाहिन्या एकेकट्या येत नाहीत, गोणीत भरून येतात. एक ट्रान्सपाँडर म्हणजे एक गोणी, जवळजवळ ४० मेगाबिट दर सेकंदाला, त्यात वीसेक वाहिन्या. माझा ट्युनर एका वेळी एकच गोणी उघडू शकतो. पण उघडली की आतल्या हव्या तितक्या वाहिन्या एकदम उतरवून घेता येतात. मी उगाच दोन ट्युनरच्या महागड्या कार्डाकडे बघून हळहळत होते.

१८ जून, रविवार

मान्सून यंदा केरळातच ८ तारखेला आला, पण आता इथे पोचलाय. काल दुपारी जोराची सर आली आणि रेकॉर्डिंगमध्ये आधी चौकोन, मग काळोख. टीव्हीहेडएंडच्या नोंदीत 'कंटिन्यूइटी' चुकांची माळ. प्रत्येक पाकीट १८८ बाइटचं, प्रत्येकावर ० ते १५ असा फिरता क्रमांक. मधला क्रमांक गळला की चूक मोजली जाते. सतरा मिनिटांत हजारांवर.

एरवी सिग्नल-नॉइज (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती वर) १२ डेसिबलच्या आसपास. सरीत ५ पर्यंत आला आणि ट्युनरची सिग्नलवरची पकड सुटली. पावसाच्या थेंबांनी डिशच्या केयू बँडच्या लहरी खाल्ल्या, त्याला इलाज नाही, फार तर मोठी डिश.

पण मी इथे एक फरक लिहून ठेवते. सर ओसरल्यावर पाच-दहा मिनिटांत आकडा बारावर परत आला तर दोष आभाळाचा. पाऊस थांबून दोन तास झाले तरी आठ-नऊवर रेंगाळतोय तर दोष आपला, कनेक्टरात पाणी शिरलंय. आज सकाळी आकडा नऊ. वर चढले. एलएनबीवरच्या कनेक्टरचं रबरी टोपण डिशवाल्याने लावलंच नव्हतं, ते खाली पत्र्यावर पडलेलं सापडलं. तांब्याची तार हिरवी पडायला लागली होती. कापून नवीन कनेक्टर, टोपण, वरून चिकटपट्टी.

२ जुलै, रविवार

दोन घोटाळे, दोन्ही वेळेचे.

वीज वाचावी म्हणून मी मशीन झोपवून ठेवत होते आणि रेकॉर्डिंगच्या दहा मिनिटं आधी उठायचा गजर बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) लावत होते. गुरुवारी तीनच्या मैफलीसाठी २:५० चा गजर. मशीन उठलं रात्री ८:२० ला. बरोबर साडेपाच तास उशिरा, आणि साडेपाच म्हटल्यावर कोणाही भारतीयाच्या डोक्यात जो दिवा पेटायला हवा तो माझ्या डोक्यात शुक्रवारी पेटला. पूर्वी या पीसीवर विंडोज होतं, ते बोर्डावरच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं. लिनक्सने त्याच घड्याळात जागतिक वेळ लिहून ठेवली. मी गजर आपल्या वेळेचा लावला, घड्याळ ग्रिनिचच्या वेळेने चाललं.

ते सुधारलं. काल रात्री लाईट गेली, पहाटे आली. पीसी आपोआप चालू झाला (बायोसमध्ये तशी सोय असते), पण घड्याळ २०१४ सालात. बोर्डावरची सीआर२०३२ बटण-बॅटरी मेलेली. इंटरनेट येईपर्यंत टीव्हीहेडएंडला प्रामाणिकपणे वाटत होतं की सकाळच्या भजनाला अजून नऊ वर्षं आहेत.

बॅटरी फोंड्याच्या बाजारात घड्याळवाल्याकडे मिळाली. जोडीला ६०० व्हीएचा यूपीएस घेतला. पीसी आणि राउटर मिळून पंचवीस मिनिटं निघतात, मी मोजली. डिशला वेगळी वीज लागत नाही, त्यामुळे टीव्ही बंद, पंखा बंद, घर अंधारात, तरी रेकॉर्डिंग चालू. भाऊंना ही गोष्ट फार आवडली. अंधारात दोनदा उठून पीसीचा निळा दिवा बघून आले.

१६ जुलै, रविवार

धोरण बदललं. इतके दिवस मी कार्यक्रमांच्या मागे धावत होते. कार्यक्रम-पत्रिकेत जे लिहिलेलं असतं ते त्या वेळेला लागेलच असं नाही, 'संगीत' एवढंच लिहिलेलं असतं, आणि जे भाऊंना हवं असतं ते बहुतेक वेळा दोन कार्यक्रमांच्या मधल्या फटीत, दहा मिनिटं शिल्लक राहिली म्हणून लावलेलं. त्याचं नाव पत्रिकेत कधीच नसतं.

मग निवडायचंच कशाला? अख्खी वाहिनीच रेकॉर्ड करायची, चोवीस तास. हिशोब केला: भाऊंची वाहिनी सरासरी २ मेगाबिट, म्हणजे तासाला ९०० एमबी, दिवसाला साडेएकवीस जीबी. पंधरा दिवसांचे सव्वातीनशे जीबी. १ टीबीत आरामात. सोळाव्या दिवशी सर्वांत जुना तास आपोआप पुसला जातो. नदीत कोंडी घातली तसं. पाणी वाहतंच, पण पंधरा दिवसांचं पाणी आपल्या हाताशी.

एक-एक तासाचे चोवीस तुकडे केले, प्रत्येक तुकडा दोन मिनिटं आधी सुरू आणि दोन मिनिटं उशिरा बंद, म्हणजे सांध्यावर काही सांडत नाही. झोपवणं-उठवणं बंद, बायोसच्या गजराला रामराम. वीज मोजली: २४ वॅट, महिन्याला सतरा-अठरा युनिट. आईंनी विचारलं, फ्रीजपेक्षा कमी ना? कमी. मग चालेल.

भाऊंना मी शंभर पानी वही दिली. बघता बघता काही आवडलं की वेळ लिहायची, बस. बाकी सगळं माझ्यावर.

१९ जुलै, बुधवार

वहीचं पहिलं पान, जसंच्या तसं:

"दु. ३.४२ – बाई, यमन. नाव दाखवलं पण चष्मा नव्हता. द्रुत सुंदर.
४.१० – सतार. नको.
रा. ११.०५ – अभंग, कोणी मुलगा. आवाज बरा, घाई फार.
रा. ११.३० – झोपलो."

त्यांच्या घड्याळाची वेळ आणि फाइलची वेळ यांत चार मिनिटांचा फरक निघाला. भिंतीवरचं घड्याळ पुढे. ते मागे करायला गेले तर आई म्हणाल्या, राहू दे, दूधवाला त्यावर ठरलाय. म्हणून मी प्रत्येक वेळेतून चार वजा करते.

कापायला एफएफएमपेग वापरते. चित्र पुन्हा घडवायचं नाही, नुसतं तुकडा कापून उचलायचा. तासभराचं गाणं मिनिटाच्या आत निघतं आणि दर्जा रतीभर कमी होत नाही. कात्री पूर्ण चित्रावरच चालते आणि पूर्ण चित्र साधारण अर्ध्या सेकंदाला एक येतं, म्हणून 'सा' लागायच्या आधीची थोडी खोकल्याची पुस्ती राहते. राहू दे.

३० जुलै, रविवार

भाऊ म्हणाले, तबलजीच्या बोटांना कंगवा लागलाय. जवळ जाऊन पाहिलं. खरंच, हात भरभर चालला की बोटांच्या कडांना आडव्या रेषा. जुन्या पद्धतीचं चित्र सेकंदाला पन्नास अर्ध्या चित्रांत येतं, आधी एक सोडून एक ओळी, मग उरलेल्या. दोन अर्ध्या चित्रांच्या मधल्या वेळात बोट हललेलं असतं, आणि आताचा टीव्ही दोन्ही एकत्र दाखवतो. गायिकेचा चेहरा स्थिर असतो म्हणून तिथे काही कळत नाही, तबलजी मात्र उघडा पडतो. कोडीत 'डीइंटरलेस' चालू केलं. कंगवा गेला. भाऊंनी त्याच तिहाईला तीनदा मागे नेऊन बघितलं आणि म्हणाले, "आता कळलं, चाट कुठल्या बोटाने वाजवतो ते." चाळीस वर्षं तबल्याशेजारी बसलेला माणूस.

१३ ऑगस्ट, रविवार

भजनी मंडळातल्या एकांनी पेन ड्राइव्ह पाठवला: "तुमच्याकडे सगळं आहे म्हणे, भरून द्या." दिला नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ३९ व्या कलमात प्रसारणाचं रेकॉर्डिंग स्वतःच्या खासगी वापरासाठी करायला मुभा आहे. गावभर वाटायला नाही. आईंना यात लाज वाटली. मी म्हटलं, घरी बोलवा, चहा मी करते. शुक्रवारी पाच जण आले, सात वाजेपर्यंत बसले, पेन ड्राइव्हचा विषय निघाला नाही. चहा दोनदा झाला.

२३ ऑगस्ट, बुधवार

चांद्रयान-३. यंदा ऑगस्टात पाऊसच नाही, आभाळ स्वच्छ, सिग्नल साडेबारा.

पेच असा की मुलाला ज्या वृत्तवाहिनीवर बघायचं होतं ती वेगळ्या गोणीत. एक ट्युनर, दोन गोण्या. म्हणजे दोन तास भाऊंची वाहिनी सोडावी लागणार. विचारायला गेले तर भाऊ म्हणाले, "यान काय रोज उतरतं? गाणं परत लागेल." (परत लागत नाही, हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत आहे.)

विक्रम उतरलं ६:०४ ला. मुलगा अंगणात नाचून आला. आई देवळात होत्या, त्यांनी रात्री नऊला रेकॉर्डिंग बघितलं आणि शेवटची पाच मिनिटं हात जोडून बसल्या, निकाल माहीत असूनही. हा तुकडा मी वेगळ्या डिस्कवर ठेवला. दोन प्रती.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

चवथ झाली. आता झालेला गोंधळ लिहिते.

गणपती १९ ला. हॉलमध्ये ज्या कोपऱ्यात पीसी असतो त्याच्याच वर माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) बांधायची. कवंडळं, सुपाऱ्यांची घोसं, आंब्याचे टाळे, सगळं डोक्यावर लटकणार म्हणून मी पीसी बाजूला सरकवून टेबलाखाली ठेवला, वर चादर टाकली. चालू होता. मी स्वतः पाहिला.

काल रात्री वहीतला तुकडा कापायला बसले तर १९ च्या सकाळी ९:२० नंतर फाइलच नाही. पीसी थंड. यूपीएसचा प्लग निघालेला, त्याच्या जागी दिव्यांची माळ. कोणी काढला? पुतणे, भाचे, जावई मिळून घरात एकोणीस माणसं होती. यूपीएसने बिचाऱ्याने पंचवीस मिनिटं टूं-टूं केलं असणार, पण आरती चालू होती, टाळ-घुमटांत कोणाला ऐकू येणार?

दोन दिवसांवर रेकॉर्डिंग गेलं. भाऊंच्या वहीत त्या दोन दिवसांत एकही नोंद नव्हती. ते स्वतः वाजवायची पेटी काढून बसले होते. म्हणजे नुकसान काय झालं हे सांगायलाही कोणी नाही. त्या प्लगवर आता लाल चिकटपट्टी लावली आहे आणि वर मराठीत लिहिलंय: काढल्यास भाऊंशी गाठ आहे.

१ ऑक्टोबर, रविवार

परवापासून एक विचित्र प्रकार. २९ ला सकाळी १०:५० ते १०:५६ चित्र फुटलं. ऊन कडकडीत. वाटलं, डिशवर कावळा बसला असेल. काल ३० ला परत, १०:४९ ते १०:५७. आज १०:५० ते १०:५६. कावळा इतका वक्तशीर नसतो.

कनेक्टर उघडले, कोरडे. वायर बदलली. काही नाही, बाकी दिवसभर बारा-साडेबारा.

मग उजाडलं. सूर्य! विषुवदिनाच्या आसपास सूर्य आकाशात त्याच वाटेवर येतो जिथे हे भूस्थिर उपग्रह ठाण मांडून असतात. आम्ही विषुववृत्ताच्या उत्तरेला, म्हणून आम्हाला उपग्रह जरासा दक्षिणेला सरकलेला दिसतो, आणि सूर्य त्या रेषेवर येतो विषुवदिनानंतर आठवड्याने. उपग्रह पूर्वेकडे कललेला, त्यामुळे वेळ दुपारची नव्हे, अकराच्या आतली. डिशला उपग्रहाच्या थेट पाठीमागे सूर्य दिसतो. सूर्य म्हणजे रेडिओ लहरींचा केवढा तरी गोंगाट. त्यापुढे ३६ हजार किलोमीटरवरच्या बारक्या यंत्राची काय कथा.

भाऊंना समजावायला मी कागदावर गोळे काढायला लागले. त्यांनी पेन काढून घेतलं. "म्हणजे गुरूचा अस्त असतो तसा. सूर्याच्या फार जवळ गेला की गुरू दिसत नाही, पंचांगात लग्नं थांबवतात. तुझ्या उपग्रहाचा अस्त चाललाय."

माझ्या सात गोळ्यांपेक्षा हे बरं. आणखी दोन-तीन दिवस हळूहळू कमी होत जाईल. वसंतात हेच विषुवदिनाच्या आधी, १३-१४ मार्चच्या सुमारास. भाऊंनी दिनदर्शिकेवर २९ सप्टेंबरच्या चौकोनात 'उपग्रह अस्त' लिहिलं आहे, पितृपक्षाच्या खाली.

काल १०:४९ ला नेमका एक तराणा चालू होता. वहीत आहे: "१०.५३ – तराणा, अप्रतिम." वजा चार म्हणजे बरोबर भोकाच्या तोंडाशी.

८ ऑक्टोबर, रविवार

अपडेट केलं, ट्युनर गायब. या कार्डाचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात नाही, बाहेरून बांधून घ्यावा लागतो, आणि गाभा बदलला की पुन्हा बांधावा लागतो. तीन तास. आता गाभ्याचं अपडेट रोखून ठेवलंय.

२५ ऑक्टोबर, बुधवार

नवरात्र संपलं. दहा दिवस रोज रात्री भाऊ आणि आई देवळात मखर बघायला, कधी नागेशीला, कधी महालक्ष्मीला. कीर्तन, मग मखर झुलवणं, आरत्या, घरी यायला अकरा. भाऊ टीव्हीसमोर नाहीत म्हणजे वहीत नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणजे मी कुठे शोधायचं?

म्हणून दर पाच मिनिटांनी एक चित्र उचलून पान तयार होईल असं केलं. तासाला बारा चित्रं, दिवसाला २८८. टॅबलेटवर भाऊ बोटाने पान सरकवतात. मला सगळी बैठक सारखीच दिसते, गादी, माइक, फुलं. भाऊ मात्र अडीच मिनिटांत अख्खा दिवस संपवतात. "मागे दोन तंबोरे उभे, थांब. पेटी डाव्या हाताला, सारंगी नाही, हे नको. हिच्या हातात स्वरमंडळ, थांब." टपाल तिकिटाएवढ्या चित्रावरून. एका चित्रात गायकाचा हात वर गेलेला होता, तेवढ्यावरून म्हणाले, "हा समेवर आलाय, याच्या आधी वीस मिनिटं जा." गेले. विलंबित तिथेच सुरू होत होता.

परतीच्या पावसाचा गडगडाट सुरू झाला की मात्र भाऊ स्वतः उठून भिंतीजवळ वायर सोडवतात. तेवढा वेळ रेकॉर्डिंग नाही. याबाबतीत त्यांच्याशी वाद घालायचा नाही असं मी ठरवलंय, शेजारच्या घरचा टीव्ही मागच्या वर्षी तसाच गेला.

१९ नोव्हेंबर, रविवार

कापून ठेवलेले तुकडे आजपर्यंत ६४, मिळून ३८ जीबी. त्यांतले भाऊंनी परत बघितले किती? कोडी मोजतं. अकरा. त्यांतला यमन, वहीच्या पहिल्या पानावरचा, सतरा वेळा. गायिकेचं नाव अजून कळलेलं नाही. शेवटची पाटी दिसायच्या आतच मी कापलं होतं आणि मूळ तास ऑगस्टातच पुसला गेला. हे माझ्याकडून झालं. त्यानंतर मी प्रत्येक तुकड्याच्या पुढे-मागे पाच मिनिटं जास्त ठेवते.

नवरा २० डिसेंबरला येतोय. फोनवर म्हणाला, माझा पीसी काय करतोय? म्हटलं, गाणं शिकतोय.

भाऊंची वही संपली. शेवटच्या पानावर आडव्या ओळी संपल्यावर त्यांनी समासात उभं लिहिलंय: "रा. ९.१५ – पूरिया. दुसरी वही." उद्या फोंड्याहून येताना दोनशे पानी आणायची.